रोहीला पडलेली मतं

ज्वारी दुधात आली की आमच्या झरीच्या शिवाराला एक ओलसर गोड वास सुटतो. सकाळी धुकं इतकं खाली उतरलेलं असतं की बांधावरची बाभळ कमरेपासून वरच दिसते. मग ऊन येतं, कणसांवरचं दव वाळतं आणि कुणाच्या तरी शेतात पहिली आगटी पेटते. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव आणि विस्तवात खुपसलेली हिरवी कणसं. तो धूर शाळेच्या खिडकीतून वर्गात येतो आणि तिसरीची पोरं पाढे म्हणता म्हणता नाकं वर करतात. मीही करतो. मास्तर झालो म्हणून नाक काही वेगळं मिळत नाही.

याच दिवसांत दरवर्षी आमच्या घरात आणखी एक गोष्ट येते. माझी धाकटी बहीण प्रज्ञा शिलाई मशीनवरून मान वर करते आणि म्हणते, "दादा, यादी आली." हुरड्याचा आणि त्या यादीचा एकमेकांशी काही संबंध नाही. यादी साता समुद्रापलीकडची, हुरडा बांधापलीकडचा. पण माझ्या मनात दोन्ही एकाच पेंढीत बांधली गेलीत आणि आता सुटता सुटत नाहीत.

पंधरा दिवसांपूर्वी ती तसं म्हणाली आणि मी मोटारसायकलची किल्ली हातात धरून दारातच उभा राहिलो. तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला. तेव्हा माझ्या हातून एक उद्योग झाला होता, आणि त्यापायी बहिणीनं वर्षानुवर्षं कमावलेलं नाव त्या यादीतून पुसलं जायची वेळ आली होती. वाईट याचं वाटतं की मी ते सगळं प्रेमानं केलं होतं.

ती यादी कसली, हे आधी सांगायला हवं. मलाही ते उशिराच कळलं. जगात असे पुष्कळ लोक आहेत ज्यांना माणसासारखं वागणारी जनावरं आवडतात. दोन पायांवर चालणारा कोल्हा, चहा करणारं अस्वल, पहाटेची गाडी चुकलेला ससा. कुणी त्यांची चित्रं काढतं, कुणी गोष्टी लिहितं, कुणी केसाळ कापडाचे अंगभर पोशाख शिवतं आणि ते घालून संमेलनाला जातं. प्रत्येकानं आपल्यापुरतं एक जनावर निवडलेलं असतं आणि बाकीचे त्याला त्याच नावानं हाक मारतात. या सगळ्या गोतावळ्याला फरी फॅन्डम म्हणतात. प्रज्ञानं मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. म्हणालो, आपण पोळ्याला बैलावर झूल घालतो, तुम्ही बैलाला पँट घालता, एवढाच फरक. तिच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून तिनं उत्तर दिलं नाही.

तिचं जनावर रोही. शहरात तिला नीलगाय म्हणतात आणि फोटो काढतात. आमच्याकडं रोहीवर कुणी माया करत नाही. कळपानं येते, हरभऱ्याचे शेंडे खुडते, ज्वारीत बसकण मारते आणि माणूस ओरडत धावला की शांतपणे त्याच्याकडं बघत राहते. अशा बदनाम जनावराला प्रज्ञानं लुगडं नेसवलं, हातात कोयता दिला आणि उसाच्या फडात उभं केलं. त्या रोहीची चित्रगोष्ट ती पान पान करून इंटरनेटवर टाकायची. शब्द अगदी थोडे. कुठल्याही देशातल्या माणसाला बघून कळावं, असं.

उसाचा फड तिला कुणाकडून ऐकावा लागला नव्हता. आमचे मायबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की ट्रॅक्टर यायचा, भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्यांची पाटी वर चढायची आणि आमची गल्ली ओस पडायची. मला परभणीच्या वसतिगृहात ठेवलं होतं, शिकावं म्हणून. प्रज्ञा माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. तिला सोबत नेलं, कारण कोपीवर भाकरी टाकायला, पाणी भरायला कुणीतरी हवं होतं. कोपी म्हणजे फडाशेजारी उसाच्या पाचटाची बांधलेली झोपडी. तिसरीनंतर ती सलग शाळेत अशी बसलीच नाही. मी डी.एड. झालो, नोकरीला लागलो, बापू थकले आणि गेले, ऊसतोड सुटली. प्रज्ञानं पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायला घेतले. हे असं का झालं, यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. मी तर विषयच काढला नाही.

कोपीवर ती कोळशानं सिमेंटच्या पिशव्यांवर चित्रं काढायची, एवढं मला माय सांगायची. पुढं तिच्या हाती मोबाइल आला, तोही माझा जुना, काचेला तडा गेलेला. दुपारी ती शेतातल्या माळ्यावर जाऊन बसायची. चार मेढी रोवून, वर फळ्या टाकून केलेला तो माळा पाखरं हाकायला असतो. गोफण एका बाजूला, हातशिलाईचा ब्लाउज दुसऱ्या बाजूला, आणि मधे ही, बोटानं काचेवर रोही काढत. तड्याच्या जागी बोट अडखळायचं. त्यामुळं तिच्या त्या वेळच्या प्रत्येक चित्रात आभाळातून एक बारीक वाकडी रेघ जाते. तिकडच्या वाचकांना ती विजेची तार वाटली. कुणीतरी कौतुकानं लिहिलंही होतं की त्या एका तारेमुळं एवढं मोठं रान एकटं वाटत नाही.

हे असले लोक तिला तिथं भेटले. एक बिज्जू होता, म्हणजे बिळात राहणाऱ्या त्या जनावराचं नाव घेतलेला कुणी म्हातारा, तो तिला जनावराच्या मागच्या पायाचा गुडघा कसा वाकतो ते चित्रं काढून समजावून सांगायचा. एक ससाणी होती. ती प्रत्येक पानाखाली काही न लिहिता एक लाल बदाम ठेवून जायची. चार वर्षं, एकही पान न चुकवता. प्रज्ञा त्यांच्याबद्दल बोलायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. मी जेवता जेवता हं हं म्हणायचो आणि मला दुसऱ्या दिवशीच्या हजेरीची काळजी असायची.

तर तीन वर्षांपूर्वी, अशाच धुक्याच्या दिवसांत, प्रज्ञाची चित्रगोष्ट त्या यादीत आली. त्या गोतावळ्याचे दरवर्षी पुरस्कार असतात. गोष्टींना वेगळा, चित्राला वेगळा, चित्रगोष्टीला वेगळा. परीक्षक कुणी नाही. आधी चाहते आपापल्या आवडीची नावं सुचवतात, जास्त सुचवलेल्या पाचांची यादी लागते आणि मग पुन्हा चाहतेच त्या पाचांना पहिला, दुसरा असे क्रम लावून मत देतात. मिळतं काय, तर छापलेला एक कागद आणि संमेलनात नावाचा पुकारा. पैसा नाही, शाल-श्रीफळ नाही. प्रज्ञानं हे सांगितलं तेव्हा ती दारातल्या उंबऱ्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर कुणाच्या तरी लग्नाचा ब्लाउज होता. डोळे भरले होते, हसतही होती. मला एवढंच ऐकू आलं की मतदान आहे.

मतदान म्हटलं की मी वेगळा माणूस होतो. मी गावातल्या एका यादीभागाचा बीएलओ आहे. मतदार यादी दुरुस्त करायची, मेलेल्यांची नावं काढायची, सासरी आलेल्यांची घालायची, निवडणुकीआधी घरोघर चिठ्ठ्या वाटायच्या. कुणाच्या घरात किती मतं, कोण पुण्याला गेलंय, कोणती म्हातारी उचलून आणावी लागते, सगळं तोंडपाठ. जिल्ह्यात माझ्या केंद्राची टक्केवारी वर असते म्हणून तहसीलदारांनी एकदा माझ्या पाठीवर थाप मारली होती. मी प्रज्ञाला म्हणालो, तू निवांत राहा, हे माझ्यावर सोड. ती म्हणाली, दादा, काही करायचं नाही त्यात. मी म्हणालो, बरं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चिठ्ठ्या वाटायची पिशवी खांद्याला लावली आणि निघालो. आता आठवलं की कानशिलं तापतात, आणि हसूही येतं. दारोदार सांगत होतो की आपल्या गावची पोरगी परदेशातल्या निवडणुकीला उभी आहे, आणि तिला मात्र निकालापर्यंत यातलं काही कळू द्यायचं नाही. लोकांना एवढंच पुरे होतं. कुणी विचारलं, चिन्ह कोणतं. मी म्हणालो, रोही. त्यावर पारावरचा एक जण बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. त्याचा अर्धा एकर हरभरा त्याच आठवड्यात रोहींनी साफ केला होता. तरी तो आला. प्रज्ञानं त्याच्या लेकीच्या लग्नात रात्रीतून सहा ब्लाउज शिवून दिले होते.

स्टँडजवळ सलीमभाईंचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, पोरांचे अर्ज, सगळं तिथं. सलीमभाईंनी दोन्ही कॉम्प्युटर माझ्या हवाली केले. ज्यांचे ईमेल होते त्यांचे उघडले, नव्हते त्यांचे काढले. बाहेर रांग लागली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, सवयीनं. एका आजीनं मत झाल्यावर बोट पुढं केलं. शाई नाही म्हटल्यावर तिला ते मत खरं वाटेना, तेव्हा सलीमभाईंनी शिक्क्याच्या पॅडवर तिचं बोट टेकवलं. सलीमभाई म्हणाले, "सर, फिकर नका करू. आपली पोरगी हाय. एकगठ्ठा मतदान हुईल." झालंही तसंच. अर्जाच्या सगळ्यात वर इंग्रजीत एक ओळ ठळक अक्षरात होती. जे तुम्ही पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल मत देऊ नका. ती मी वाचली होती. वाचून पुढं गेलो. सूचनांच्या ओळी आपल्याकडं पुढं जाण्यासाठीच असतात.

मत देईना ती फक्त माय. मी म्हणालो, चल सेंटरवर, दोन मिनिटांचं काम आहे. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "उभे किती हायत?" मी म्हणालो, पाच. "मंग पाचीबी दाव मला. न बघता कसं टाकू?"

मायला अक्षर येत नाही. पण मताच्या बाबतीत आमचं घर फार कडक. बापू मतदानाच्या दिवशी आंघोळ करून पांढरे स्वच्छ कपडे घालायचे, बुद्धपौर्णिमेला घालायचे तेच. ऊसतोडीवर असले तर मुकादमाशी भांडून गावी यायचे. कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत, आणि कुणाला दिलं ते मायलासुद्धा सांगायचे नाहीत. माय त्यांच्या हाताखाली तयार झालेली. तिनं प्रज्ञाचा मोबाइल मागून घेतला आणि रोज दुपारी अंगणात, पाठीवर ऊन घेऊन, एकेक चित्रगोष्ट बघायला लागली. एक पान बघायला तिला माझा अख्खा चहा व्हायचा. बोटानं चित्र मोठं करायची, कोपऱ्यातली भांडी बघायची, जनावराच्या डोळ्यात बघायची. मधेच म्हणायची, ह्या कोल्हिणीला लेकरू न्हाई वाटतं. मला घाई झाली होती. प्रज्ञाला मात्र मजा वाटत होती, शब्द आले की ती मायला अर्थ सांगायची. पाच गोष्टी संपायला मायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी प्रज्ञानं तिच्या नावानं ईमेल काढून दिला आणि मताचा अर्ज समोर धरला. प्रत्येक नावापुढं छोटं चित्र होतंच. मायनं तिला पाणी आणायला पाठवलं आणि आपल्या हातानं दाबून टाकलं.

त्या दिवसांची आठवण निघाली की मला सगळं थोडं धुक्यातच दिसतं. पहाटे शेतावर गेलो की ज्वारीच्या वर नुसती शिंगं तरंगत जाताना दिसायची, खाली रोही असणार म्हणून. मी हाकलायचं विसरून जायचो. एकदा वाटलं, त्यातली एक मान वळवून थांबली आणि आता बोलेल. काय बोलेल? शिंगांमागं शिंगं गेली आणि धुकं मिटलं. त्या आठवड्यात मी फार आनंदात होतो. बहिणीसाठी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं, असं मला वाटत होतं.

मग ते पत्र आलं. रविवार होता. मी मळ्यात आगटी पेटवून दोन मास्तर मित्रांची वाट बघत होतो. तीळ-खोबऱ्याची चटणी, गूळ, सगळं तयार. प्रज्ञा बांधावरून आली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. पुरस्काराचं काम बघणाऱ्यांनी तिला सभ्यपणे विचारलं होतं की एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून, ओळीनं पुष्कळ मतं आलीत, सगळी तुमच्या एकटीच्या नावाला, बाकी सगळा अर्ज कोरा. तुम्हाला याची कल्पना आहे का? असं ठरवून केलं असेल तर नाव यादीतून काढावं लागेल.

मी लगेच बोलायला लागलो. म्हणालो, यात खोटं काय आहे, माणसं खरी आहेत, प्रत्येकानं एकच मत दिलंय, मी स्वतः उभा राहून बघितलंय. आपल्या गावानं आपल्या पोरीला मत द्यायचं नाही तर कुणी द्यायचं. मी बराच वेळ बोललो असेन. ती आगटीकडं बघत उभी होती. मग तिनं विचारलं, "दादा, तू वाचलंस का माझं?"

आगटीत एक कणीस तडतडलं. मी काठीनं ते बाहेर ओढलं.

ती म्हणाली, "तिथं मला कुणी इचारत न्हाई, कितवी शिकली, कोणाची हायस, कोणत्या गावची. चित्र बघतेत आन चांगलं का वाईट ते सांगतेत. एवढंच हाय माझं. आन तू तिथंबी चिठ्ठ्या वाटून आलास."

आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. मित्र आले तेव्हा ती निघून गेली होती. मी त्यांना हुरडा चोळून दिला. 

तिनं त्याच संध्याकाळी मोबाइलवर भाषांतर करून उत्तर लिहिलं. मला नंतर दाखवलं. लिहिलं होतं की ही मतं माझ्या भावानं गोळा केली. मला ठाऊक नव्हतं, पण भाऊ माझा आहे. त्याच्या मनात लबाडी नव्हती, आमच्याकडं मत असंच मागतात. ती सगळी काढून टाका. नाव काढावं लागलं तर तेही काढा. फक्त एक मत माझ्या आईचं आहे, तेवढं राहू देता आलं तर बघा. तिनं सगळं पाहिलंय.

उत्तर यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मशीनचा आवाज सारखा चालू होता. घरात कुणी भांडलं नाही, माय दोघांनाही सारखंच वाढत होती, आणि मला मात्र घरात पाय ठेवावासा वाटत नव्हता. पाचव्या दिवशी कळलं की नाव राहिलं. गावाची मतं गेली. आईच्या मताबद्दल त्यांनी लिहिलं होतं की ते संशयाच्या यादीत कधी नव्हतंच. पाची जागा भरलेलं मत होतं ते, सगळं पाहिलेल्या माणसाचं.

त्या चार दिवसांतल्याच एका दुपारी मी माळ्यावर चढलो आणि प्रज्ञाची चित्रगोष्ट पहिल्या पानापासून उघडली. खाली ज्वारी सळसळत होती. पाखरं बिनधास्त कणसांवर बसत होती, मी गोफणीला हात लावला नाही. रोही ट्रॅक्टरवर चढते. रोही पाचटाची कोपी बांधते. आई-बाप रोही ऊस तोडतात आणि ही लहान रोही मोळीवर बसून जाताना चंद्राला शिंगानं ढकलते. गावाकडच्या बाजूला, प्रत्येक चित्रात, लांब क्षितिजावर एक टेकडी आहे. आधी मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. मग मायसारखं बोटानं चित्र मोठं करून बघितलं. टेकडीवर एक पोरगा रोही बसलेला होता. शिंगांना दप्तर अडकवलेलं. पुस्तक वाचत. आपल्याकडं पाठ करून.

मग मी सगळी पानं परत उघडली. एकाही पानात तो नाही असं नव्हतं. पाऊस पडतो त्या पानात त्याच्यावरही पडतो. कोपी जळते त्या पानात तो तिकडं बसलेला. लहान रोहीच्या पायाला कोयता लागतो, त्या पानात तिनं त्याच्या दिशेनं बघितलंय. तो वाचतोय. कुठंही त्याच्याबद्दल एक वाईट अक्षर नाही. उलट त्याच्या डोक्यावर तिनं दर पानात एक छोटासा ढग दिलाय, ऊन लागू नये म्हणून. शेवटच्या पानापर्यंत त्यानं मान वळवली नव्हती.

मी माळ्यावर बसून रडलो. चाळिशीला आलेला माणूस, मास्तर, बीएलओ, ज्वारीच्या वर बसून हुंदके देत होता. पायावरचा कोयत्याचा तो वण मी रोज बघत होतो. तो कधी झाला, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. गावाची मतं गोळा करायला मला दोन दिवस पुरले. तिची साठ पानं वाचायला चार वर्षं वेळ झाला नाही.

घरी येऊन मी तिला एवढंच म्हणालो की वाचलं. तिनं माझ्या डोळ्यांकडं बघितलं आणि मशीनला दोरा ओवायला माझ्या हातात सुई दिली. तिला जवळचं नीट दिसतं. तरी दिली.

निकालाचा पुकारा तिकडं संध्याकाळी होता, आपल्याकडं सकाळ. आम्ही तिघं अंगणात उन्हाला बसून मोबाइलवर ते बघत होतो. मोठं दालन, केसाळ पोशाखातली माणसं, टाळ्या. प्रज्ञाचं नाव लागलं नाही. एका पाणमांजराच्या गोष्टीला पहिला मान मिळाला. म्हातारं पाणमांजर रोज धरणाच्या काठावर येऊन बसतं, कारण त्याचं घर पाण्याखाली गेलेलं आहे, एवढीच ती गोष्ट. प्रज्ञानं टाळ्या वाजवल्या, मनापासून. मी कसंनुसं तोंड करून म्हणालो, थोडक्यात गेलं असेल.

माय शेंगा फोडत होती. फोडता फोडता म्हणाली, "म्याबी त्यालाच टाकलं व्हतं."

मी मोबाइल खाली ठेवला. ती म्हणाली, प्रज्ञीचं लय चांगलं हाय, तिला दुसरा नंबर दिला. पण ते पाणमांजर बघून झोप लागंना. मायचं माहेर पूर्णेच्या काठचं. येलदरीचं धरण झालं तेव्हा तिच्या आईचं गाव पाण्यात गेलं, वर नवं वसलं. मायनं मग सांगितलं, सावकाश, शेंगा फोडत, "माझी माय बी अशीच बसायची पाण्याकडं तोंड करून. मला वाटायचं मासे बघायलीय. तिकडच्या बाईला कसं म्हाईत झालं ते?"

प्रज्ञा उठली आणि तिनं मायला मिठी मारली. शेंगा सांडल्या. हसत होती, रडत होती, म्हणत होती की अख्ख्या झरीतून एक खरं मत गेलं आणि ते माझ्या घरातून माझ्या विरोधात गेलं. इतकं खूश मी तिला नाव यादीत आलं त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. तिनं ते सगळं त्या पाणमांजरवालीला कळवलं. तिचं उत्तर आलं, ते मला तिनं वाचायला दिलं नाही. मी मागितलंही नाही.

तेव्हापासून आमच्या घरात हुरड्याच्या दिवसांत यादी वाचली जाते. माय पहिली, मग मी. शाळेतून आलो की माळ्यावर चढतो. मागच्या वर्षी यादीत एक घुबडाची गोष्ट होती, दिवसा दिसत नाही म्हणून लाजणाऱ्या घुबडाची. ती वाचून मी वर्गातल्या एका पोराला पुढच्या बाकावर आणलं. त्याला फळा दिसत नव्हता, आणि मी दोन महिने त्याला ढ समजत होतो. सलीमभाई अजून विचारतात, यंदा रांग लावायची का. मी म्हणतो, तुम्ही आधी पाची वाचा. ते हसतात आणि पीकविम्याचा अर्ज पुढं ओढतात.

यंदाच्या यादीत प्रज्ञाचं नाव पुन्हा आहे. तीच रोही, आता मोठी झालेली, मशीनवर बसणारी. तिची पानं मी येतील तशी वाचत होतो. फक्त शेवटचं पान राखून ठेवलं होतं, बाकीच्या चौघांबरोबर ओळीनं वाचायचं म्हणून. आज दुपारी ते उघडलं. अंगण, मशीन, म्हातारी रोही शेंगा फोडतेय. लांब तीच टेकडी. बोटानं चित्र मोठं केलं. काचेला आता तडा नाही, पण वाकडी रेघ तिनं आभाळात मुद्दाम काढली आहे.

मी खाली उतरलो तेव्हा प्रज्ञा बांधावर बसून कणीस चोळत होती. तिनं वर न बघता विचारलं, "समदं पाह्यलंस?"

"पाह्यलं."

"शेवटचं पान?"

"त्यानं मान वळवलीय," मी म्हणालो.

तिनं चोळलेले दाणे फुंकून माझ्या ओंजळीत टाकले. गरम होते. मग मी मत दिलं, पाची जागा भरून. कुणाला पहिलं दिलं ते मायनं विचारलं नाही, प्रज्ञानंही नाही. आमच्या घरात तसं विचारत नाहीत.